व्हिसाचा फोटो

व्हिसासाठी काढलेले आईचे छोटे फोटो निरंजनने टेबलावर ठेवले आणि पिशवीतून तिचाच आणखी एक काढला, हातभर मोठा, काचेच्या फ्रेमचा.

“स्टुडिओत ऑफर होती, आई.”

“मग हारही आणायचास,” द्वारकाबाई म्हणाल्या. सून खुदकन हसली. निरंजन हसला नाही. तो मोबाईलवर स्वित्झर्लंडचे बर्फाळ उतार दाखवू लागला. तो आणि सून स्कीइंग करणार, द्वारकाबाई डोंगरमाथ्यावरच्या हॉटेलात शेकत बसणार.

“हार्टच्या डॉक्टरांनी उंचावर, थंडीत जाऊ नका म्हणून बजावलंय ना रे?”

“डॉक्टर घाबरवतातच. घर विकायला तू नाही म्हणालीस, मी पुन्हा विषय काढला का? आता यालाही नाही म्हणू नकोस.”

द्वारकाबाईंचा भिशीतल्या बायकांपुढे स्वित्झर्लंडचा तोरा महिनाभर मिरवून झाला होता. आता माघार घेतली तर त्यांना वर्षभर चघळायला विषय.

“येते की. तुझ्या बर्फाला भिते का मी?” म्हणत त्या मोठा फोटो घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या.

तिथे भिंतीवर, कैलासवासी यजमानांच्या फोटोशेजारी, नवा खिळा ठोकून तयार होता. खाली चुन्याची ताजी भुकटी पडली होती.