तिप्पट शिस्त

टेबलावर बोटाएवढे मराठे एकावन्न होते, इंग्रज एकोणीस. मराठ्यांच्या घोड्यांच्या शेपट्यांपर्यंत रंगकाम झालं होतं. इंग्रजांच्या एकुलत्या तोफेला एक चाक नव्हतं. दोन्ही सेना केळुसकरकाकांनी घरून आणल्या होत्या.

आमच्या पटावरच्या युद्धांच्या स्पर्धेत एकाने एकाच लढाईतल्या, तुल्यबळ अशा दोन सेना आणायच्या आणि प्रतिस्पर्ध्याने हवी ती उचलायची. तीन वर्षं प्रतिस्पर्धी भिडेखातर इंग्रज उचलत आले, काका चषक नेत आले आणि नंतर आम्हाला रणनीतीवर प्रवचन देत आले. आजही त्यांनी पंचांना दर वर्षीचंच सांगितलं होतं, "संख्येवर जाऊ नका. इंग्रजांची शिस्त तिप्पट धरलीय." पंचांनी मान डोलावली.

"बस गं पोरी," ते मला म्हणाले. "घाबरू नकोस. हरण्यातूनही शिकता येतं."

"मी मराठे घेते, काका."

त्यांचा हात भगव्या झेंड्यावर होता, तो तिथेच राहिला. "म्हणजे मी इंग्रज खेळू? मी?"

"शिस्त तिप्पट आहे ना तुमच्याकडे? का सेना तुल्यबळ नाहीत? तसं असेल तर पंचांना सांगा."

शेजारच्या टेबलांवर फासे पडायचे थांबले. काकांनी चष्मा काढून पुसला. सांगितलं असतं तर आधीच्या तीन चषकांचीही चौकशी झाली असती. "तुल्यबळच आहेत," ते म्हणाले आणि टेबलाला वळसा घालून मोडक्या तोफेमागे जाऊन बसले.

चहा येण्याआधीच खेळ आटोपला. टेबलावर मराठे सत्तेचाळीस उभे होते, इंग्रज शून्य.