वर्षातलं सर्वांत सुंदर छायाचित्र

पडद्यावर पांढरं फूल उमललं आणि सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. करड्या मातीवर मधोमध एक ठिपका, आणि त्यातून चहूबाजूंना फुटलेल्या लांबच लांब पाकळ्या. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने वरून टिपलेलं, वर्षातलं सर्वांत सुंदर अंतराळ-छायाचित्र.

मुलगीही उठली. तिची आई बसूनच राहिली. टाळ्या वाजवल्या, पण मांडीवर पर्स होती, म्हणून जरा दबक्या. याआधीचं एक यान चंद्रावर उतरवायचा प्रोग्राम तिने लिहिला होता. ऑफिसात तिला लँडिंगबाई म्हणत. ते यान हातचं गेल्यावरही म्हणत, फक्त आवाज थोडा खाली आणून.

मुलीची बॅग गाडीच्या डिकीत होती. कार्यक्रम आटोपला की बस स्टँड, तिथून वडिलांचं शहर. कायमचं. ती सामान भरत होती तेव्हा लँडिंगबाई एवढंच म्हणाली होती, "जाण्याआधी एकदा माझं ऑफिस तरी बघ. आज तिथे कार्यक्रमही आहे." तिला वाटलं होतं, आपली सगळी वर्षं कुठे गेली ते लेकीने एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर ती बॅग कदाचित डिकीतूनच परत घरी येईल.

"आई, काय सुरेख आहे गं!" मुलगी खाली बसत म्हणाली. "तुमच्याकडे असलं काही होतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, नुसते आकडे."

लँडिंगबाईला फार बरं वाटलं.

फोटो विभागाचे साहेब माइकपाशी आले. कोट नवा होता, खांद्यात अजून बसला नव्हता. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, बायकोचेसुद्धा. मग हसत म्हणाले, "आणि आपल्या लँडिंग विभागाचे खास आभार. ते नसते तर हे फूल उमललंच नसतं!"

हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मागे वळून पाहिलं आणि घाईघाईने माना पुन्हा पुढे केल्या.

मुलगी हसली नाही. "म्हणजे?"

"काही नाही गं. चेष्टा करतात."

"आई, म्हणजे काय?"

"ते आमचं यान आहे," लँडिंगबाई म्हणाली. "आदळलं, त्याचा खड्डा. खालची पांढरी माती वर उडाली, त्या पाकळ्या."

"तू तर म्हणाली होतीस संपर्क तुटला."

"तुटलाच की. आदळल्यावर तुटणारच."

मुलीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. फूल अजून तिथेच होतं. आता ते बघवेना, आणि नजरही हटेना.

"कसं आदळलं?"

एवढी वर्षं लेकीने आईच्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. लँडिंगबाई सावरून बसली आणि तिने नीट समजावून सांगितलं, नव्या माणसाला समजावतात तसं. यानाच्या पोटाशी उंची मोजणारं यंत्र होतं. जमीन सपाट होती, मग मध्येच डोंगर आला. यंत्र म्हणालं, जमीन एकदम जवळ आली. पण प्रोग्राममध्ये नियम होता, उंचीच्या आकड्याने एकदम उडी मारली तर तो खरा धरायचा नाही. यंत्रं कधीकधी बिथरतात. थोडं थांबायचं, आकडा आपोआप ताळ्यावर येतो.

"पण डोंगर खरा होता."

"खरा होता."

"मग यंत्राने परत सांगितलं नाही?"

"सांगत राहिलं. शेवटपर्यंत."

"चिवट होतं बिचारं," मुलगी म्हणाली. "माझ्यापेक्षा चिवट. मी एकदाच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"मावशीकडे नको ठेवूस म्हणून. तिथे मला झोप येत नाही म्हणून. तू माझा डबा भरत होतीस."

बक्षिसाच्या फोटोसाठी सगळ्यांना मंचावर बोलावत होते. लँडिंग विभागालाही बोलावलं. मुलीने आईच्या मांडीवरची पर्स उचलली, आतून गाडीची किल्ली काढली आणि पर्स पुन्हा जागेवर ठेवली. "तू जा वर. मी बॅग काढून घेते, स्टँडला रिक्षाने जाईन," असं अगदी साध्या आवाजात सांगून ती दाराकडे निघाली.

लँडिंगबाईला ती सकाळ लख्ख आठवली. डब्याचं झाकण हातात होतं. कालपर्यंत हसतखेळत मावशीकडे जाणारी पोर आज एकदम असं कशी बोलते? झोप नीट झाली नसेल, असं म्हणत तिने झाकण लावलं होतं. दुसऱ्या दिवशी पोर काही न बोलता दप्तर उचलून मावशीकडे गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. त्याच आठवड्यात लँडिंगबाईने तो नियम लिहिला. घरचा ताजा अनुभव गाठीशी होता. हात जरासुद्धा अडखळला नाही.