वहीतली नोंद

खाली रस्त्यावर कुणी चमच्याने वाटी वाजवली, की मला जिन्यात सापडलेली मांजरी खिडकीकडे धावायची. मी लगेच खिडकी लावून घ्यायचे. वहीत नोंदही केली: ‘धातूच्या आवाजाला घाबरते.’

पाचव्या दिवशी दारात पलीकडच्या इमारतीतल्या काकू उभ्या, हातात वाटी-चमचा. “अगं, आमची ठमी दिसली का कुठे? वाटी वाजवली की जेवायला येते ती.”

मांजरी माझ्या पायांमधून सुटली आणि त्यांच्या पायांत घोटाळू लागली.

“इथे होतीस होय गं, भवाने!” काकूंचे डोळे भरले. “देव तुझं भलं करो, पोरी. उपाशी नाही ठेवलंस हिला.”

मी मान खाली घातली. घाबरलेल्या मांजराची शेपटी फुगते, खुशीत धावणाऱ्याची ताठ उभी राहते, हे मी प्राणिशास्त्रात शिकले आहे. ठमीची पहिल्या दिवसापासून उभीच होती.