चाळीस मिनिटांचा वळसा

"या कागदावर मी सही करणार नाही," वळसेबुवा म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. विमान सुटायला दीड तास उरला होता. डोंगरापलीकडच्या पट्ट्यात चकमकी सुरू झाल्यापासून वळसेबुवा हातातलं प्रत्येक विमान तो पट्टा टाळून, चाळीस मिनिटांच्या वळशाने पाठवत. नाव पडलं ते त्यावरूनच. मार्ग आखणाऱ्यांच्या त्या खोलीत आधी ते पाठीमागे म्हटलं जायचं, आता तोंडावर म्हणत.

"अहो, परवाच नोटीस आली. तिकडचं आकाश खुलं आहे. बाकीच्या कंपन्या सरळ जातायत. आपणच काय कुणाचं घोडं मारलंय?"

"नोटीस काढणारा तिथे बसत नाही, साहेब."

"आणि तुम्ही बसता वाटतं?"

वळसेबुवांनी कागद साहेबांकडे सरकवला.

"जेवून या आधी," साहेब म्हणाले. "डोकं शांत होईल."

खिडकीपाशी एकच खुर्ची होती, ती त्यांची. बायको जाऊन चार वर्षं झाली, तरी एकट्यापुरतं रांधायला त्यांना जमत नसे. डबा रोज अर्धा उरायचा. त्यांनी झाकण काढलं आणि फोन वाजला. आठवड्यातून एकदाच येणारा फोन.

"बाबा, जेवलात?"

"बसलोय. तू?"

"मिळेल तेव्हा. झोपेचं तर खोबरं झालंय. सोळा-सोळा तास पडद्यासमोर, नुसते ठिपके." मुलगा हसल्यासारखं करून थांबला. "काल एक ठिपका ओळखूच येईना. वरिष्ठ ओरडतायत, मला दरदरून घाम. शेवटी निघाला पक्ष्यांचा थवा."

"तुला नीट शिकवलंय ना रे?"

"दोन आठवडे. मग शिकवणाऱ्याचीच बदली झाली. बाबा, हे कुठे बोलू नका हं. कळलं तर माझं काही खरं नाही."

"मी कुणाशी बोलणार? आहे कोण माझ्याशी बोलायला?"

फोन मध्येच तुटला. तरी त्यांनी तो थोडा वेळ कानालाच धरून ठेवला. जगात त्यांना बाबा म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. हा फोनही बंद झाला तर घरी जाऊन भिंतींशीच बोलायचं, याची त्यांना मनापासून भीती वाटे.

पोरगा नोकरीला लागला तेव्हा त्यांनी खोलीत सांगितलं होतं, "तोही पडद्यासमोरच बसतो." "बापाच्या वळणावर गेला," असं सगळे कौतुकाने म्हणाले. वळसेबुवांनी नुसती मान डोलावली होती. पुढचं कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ते परतले तोवर साहेबांनी तोच कागद पुन्हा पुढे ठेवला होता. डोंगरावरून थेट, सरळ मार्ग. प्रवासी एकशे बासष्ट.

"तुमच्याच्याने होत नसेल तर मी करतो सही."

"साहेब, तिथल्या माणसांना धड झोप नाही. पडद्यावर काय दिसतंय तेच त्यांना कळत नाही. चूक होणार."

"तुम्हाला कोण म्हणालं?"

वळसेबुवांनी एकदा दाराकडे पाहिलं. "पोरगा."

"तो तिकडे असतो?"

"बरोबर त्याच पट्ट्यात."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग झालं की! आधी नाही का सांगायचं? घरचाच माणूस खाली बसलाय. त्याला फोन करा, आपलं विमान येतंय म्हणावं, सांभाळून पार करून दे." त्यांनी हसत पेन उचललं.

वळसेबुवांनी कागदावर पंजा ठेवला. पुढच्या आठवड्यात फोन येईल की नाही, कोण जाणे. पण हात त्यांनी काढला नाही.

"तो विमानं पार करून देत नाही, साहेब," ते म्हणाले. "त्याच्या हाताखाली क्षेपणास्त्राचं बटण आहे."