रविवारचा फोन

प्रभाने कॉनरची दाढी केली, स्वेटरची बटणे लावली आणि त्याच्या डाव्या हातात चहाचा मग दिला. उजवा हात पक्षाघातानंतर मांडीवरच पडून असे. ईस्टरचा रविवार होता. हॅम्बर्गमध्ये पहाटेपासून पावसाची रिपरिप होती आणि खालचा रस्ता रिकामा होता.

तिने डबीतून कागदी लिलीचे फूल काढले. आयर्लंडच्या लढ्यात मेलेल्यांसाठी ते ईस्टरला लावायचे, आणि पिनेनेच लावायचे. चिकटवायची फुले चळवळीतल्या दुसऱ्या गटाची. कॉनरने तिचा हात दूर सारला.

"अरे, पाहुणी येतेय," ती म्हणाली आणि फूल लावलेच.

पाहुणी म्हणजे येना शहरातल्या विद्यापीठात शिकणारी मराठी मुलगी, नीलिमा. सशस्त्र आयरिश चळवळींत माणसे म्हातारपणापर्यंत कशाच्या बळावर टिकतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. कॉनर भेटीला स्वतःहून तयार झाला होता. "मरण्याआधी एकदा सांगायचंय," एवढेच तो बोलला होता. त्याचे अडखळते बोल आता पूर्णपणे प्रभालाच कळत, म्हणून दुभाषीही तीच.

"मावशी, इतकी वर्षं जर्मनीत राहून चहात आलं एवढं?" नीलिमाने विचारले.

"आमच्या ह्यांनी कधी तक्रार केली नाही. तुरुंगातला चहा प्यायलेला माणूस."

दोघी हसल्या. कॉनरला मराठी येत नव्हते, तरी तोही हसला.

बेलफास्टच्या तुरुंगातून सुटून तो इथल्या बंदरात कामाला आला होता. रुग्णालयात परिचारिका असलेल्या प्रभाशी त्याने लग्न केले, पण चळवळ सोडली नाही. कैद्यांच्या कुटुंबांसाठी कपडे जमवले, बर्फात फलक घेऊन उभा राहिला. शांतता करारानंतर बरोबरचे एकेक करून घरी बसले. हा थांबला नाही. दर रविवारी त्याचा आयर्लंडमधल्या नुआलाला फोन असे. तिचा भाऊ डर्मट हा त्याचा जिवलग मित्र. डर्मट लपला होता त्या घरात शिरून ब्रिटिश सैनिकांनी त्याला गोळ्या घातल्या होत्या. कॉनर आपल्या भावाला विसरला नाही, या एका गोष्टीवर नुआला जगत आली होती.

अलीकडे फोन प्रभा लावून देई. कानाला लागताच कॉनर बोलू लागे. पलीकडे कोणी उचलला की नाही, हेही पाहत नसे. पण ऐकून ऐकून त्याचे काही शब्द आता नुआलालाही कळू लागले होते.

नीलिमाने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले आणि इंग्रजीत विचारले, "इतके लोक सोडून गेले. तुम्हाला कशाने धरून ठेवलं?"

कॉनर बोलू लागला. थांबला, पुन्हा बोलला. प्रभाच्या हातातली किटली कपावर तशीच राहिली.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, विचार धरून ठेवत नाहीत. माणसं धरून ठेवतात."

"एवढंच? बराच वेळ बोलले की."

"अगं, अडखळतात ना. एकेका शब्दाला तीन-तीन फेऱ्या."

"गेनाऊ, अगदी बरोबर! माझंही हेच म्हणणं आहे." नीलिमाचा चेहरा खुलला. "नुआलाबाईंशीही बोलणं झालंय माझं, त्यांनी या रेकॉर्डिंगची प्रत मागितलीय."

प्रभाने किटली खाली ठेवली. "त्यांचा आवाज नको ठेवूस. भरसभेत बोलणारा माणूस होता तो. हे असलं बोलणं चारचौघांनी ऐकू नये. मी सांगितलं ते लिहून घे."

नीलिमाने क्षणभर कॉनरकडे पाहिले. मग प्रभासमोरच रेकॉर्डिंग पुसून टाकले. "माझ्या लक्षातच आलं नाही, मावशी," ती ओशाळून म्हणाली.

ती गेल्यावर कॉनरने फोनकडे बोट दाखवले. प्रभा थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली. मग तिने फोन घेतला, पडद्यावर बोट फिरवले आणि तो त्याच्या कानाला लावला.

कॉनरने मघाचेच पुन्हा सांगितले, या वेळी रडत. "नुआला, डर्मट कुठे लपलाय ते सैनिकांना मी सांगितलं. म्हणून मला कधी सोडून जाता आलं नाही."

बोलून झाल्यावर त्याने डाव्या हाताने छातीवरचे फूल उपटले. प्रभाने ते त्याच्या मुठीतून सोडवून घेतले, त्याचे डोळे पुसले आणि फोन टेबलावर ठेवला. नंबर तिने लावलाच नव्हता.