बिल्ला नंबर चारशे सतरा

सांवेरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात टँकर उभा होता. क्रेनवाल्यांनी जसा ओढून आणला तसाच सोडलेला, तोंड भिंतीकडे आणि शेपूट तिरकं. शेजारी एक मोटारसायकल पडली होती, तिच्या दोन्ही बाजूंच्या दुधाच्या कॅन पार चेपलेल्या. दूधवाला आणि मागे बसलेली त्याची बायको जागीच गेली होती. काल सकाळी, मावठ्याचे चार थेंब पडून गेल्यावर, रिकामा टँकर ओल्या रस्त्यावर आडवा फिरला होता.

"भावजी, तुम्ही नीट बघा," भानुमतीबाई मालोजीची बाही धरून म्हणाल्या. "माझा नीरज गाडी बराबर चालवतो. ब्रेकमध्येच कुछ गडबड असणार. तुम्हाला नाही कळणार तर मग कोणाला?"

मालोजीने मान हलवली. मिल बंद झाल्यापासून तो ट्रकचं वायरिंग करायचा. भानुमतीबाईंचे यजमान होते तेव्हा मिलमध्ये त्याच्या शेजारच्याच सांच्यावर, कापड विणायच्या मागावर, असत, म्हणून त्या हक्काने त्याला जुनी इंदूरहून बसमध्ये घालून घेऊन आल्या होत्या. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

नीरज हवालदाराच्या बाजूला उकिडवा बसला होता. हातात बेड्या. त्याने आईकडे पाहिलं, मालोजीकडे पाहिलं नाही.

आरटीओचा इन्स्पेक्टर टँकरखालून बाहेर आला. पोरगेलासा होता, पण कामाचा पक्का दिसला. "ब्रेक एकदम ठीक है," तो म्हणाला. "हवा बरोबर, लायनिंग नया. गाडी एबीएसवाली है, माताजी."

"ते काय असतं?"

त्याने न चिडता समजावून सांगितलं. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर बसवलेला असतो, तो चाकाचे फेरे मोजतो. जोराचा ब्रेक लागून चाक जाम व्हायला लागलं की कॉम्प्युटर त्या चाकाची हवा आपणहून सोडतो, पुन्हा भरतो, पुन्हा सोडतो. एका सेकंदात चार-पाच वेळा. चाक फिरत राहतं म्हणून गाडी घसरत नाही, सरळ राहते.

"फिर भी गाडी घूम गई," इन्स्पेक्टर म्हणाला, "तो गलती ड्रायव्हर की."

मालोजीला हे सगळं ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी नीरजच त्याच्या टपरीवर आला होता. "काका, जोरात ब्रेक मारला ना, की हा एबीएस फस-फस करत हवाच सोडतो यार. ब्रेक सुटतोय असं वाटतं. बंद करून टाका." मालोजीने फ्यूज काढला. मग समोर पिवळा दिवा जळत राहिला, म्हणून त्याचा बल्बही काढला. पाच मिनिटांचं काम. मिलमध्ये धागा तुटला की सांचा थांबवणारी पत्ती असायची, आणि कापड जास्त निघावं म्हणून सगळे ती सुतळीने बांधून ठेवायचे. वीस वर्षं त्यानेही बांधली होती. तिथे फार तर कापडात खोट यायची.

इन्स्पेक्टरने केबिनमध्ये चढून चावी फिरवली. चावी फिरवली की क्षणभर लागायला हवा तो पिवळा दिवा लागलाच नाही. त्याने फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं.

"एक फ्यूज गायब है. और ये नंबर किसका है?"

झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, ४१७. मिलमध्ये जो सांचा दुरुस्त करी तो त्यावर खडूने आपला बिल्ला नंबर टाकायचा. उद्या बिघडला तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून. मिल गेली, बिल्ला गेला, तरी मालोजी हात लावलेल्या प्रत्येक गाडीवर आपला तोच नंबर टाकायचा. पोरं हसायची. त्याला मात्र त्याचा अभिमान होता.

"डेपो का होगा, साहब," नीरज पहिल्यांदाच बोलला. "फ्यूज मैंने निकाला."

"अरे, तू कशाला काढशील?" भानुमतीबाई ओरडल्या.

"मीच काढला, आई."

"अपने हाथ से?" इन्स्पेक्टर खाली उतरला आणि पेनचं टोपण काढलं. "तब तो बेटा, बहुत लंबा जाएगा."

मालोजीला भीती वाटली. तुरुंगाची वाटली, पण त्याहून जास्त बाही धरलेल्या त्या हाताची. गप्प राहिला असता तर तो हात तसाच राहिला असता. संध्याकाळच्या बसमध्ये त्या त्याच्याच शेजारी बसून रडल्या असत्या, आणि त्याने त्यांना धीरही दिला असता. हे त्याला स्पष्ट दिसलं आणि स्वतःची किळस आली.

"साहेब," तो म्हणाला, "वो नंबर मेरा है. फ्यूज मी काढला. याने नाही."

पेन थांबलं. "आपका? आप कौन?"

मालोजीला आपलं नाव चटकन सुचेना. त्याने टाचा जुळवल्या, आणि मिलच्या फाटकावर हजेरीला सांगायचा तसं सांगितलं.

"चारशे सतरा. सांचा खातं. दुसरी पाळी."

भानुमतीबाईंनी त्याची बाही सोडली.