पाय उचल

ब्रेकवर पूर्ण जोर होता, तरी गाडी थांबत नव्हती. द्राहोमिराने आणखी दाबलं. पेडल तळाला टेकलं. व्हॅनचा वेग वाढतच गेला.

समोर घाटाचं वळण आलं. उजवीकडे दरी होती, ऑक्टोबरात पिवळ्या पडलेल्या झाडांनी भरलेली. गाडीत जळका वास कोंडला होता. मागे चेक देशातल्या ब्रनो शहराच्या ट्राम डेपोतली पाच माणसं होती, तिची रोजची माणसं. नऊ दिवस ती गात, भांडत, एकमेकांच्या पावातलं सॉसेज पळवत थेट समुद्रापर्यंत जाऊन आली होती. आता सगळी पुढच्या सीटच्या पाठी घट्ट धरून बसली होती.

एरवी गाडी ओताकर चालवायचा. आदल्या दिवशी त्याचा हात मुरगळला, म्हणून चाक द्राहोमिराकडे आलं. गाडीचा परवाना तिच्याकडे होता, सराव नव्हता. "बावीस वर्षं ट्राम हाकतेस," ओताकर सकाळी म्हणाला होता, "हे तर तुला खेळणं आहे."

एक वळण निघालं. दुसऱ्याला मागचा पत्रा कठड्याला घासत गेला. ब्लाझेनाने मोठ्याने प्रार्थना सुरू केली. तीस वर्षांत ती चर्चची पायरी चढली नव्हती, त्यामुळे शब्द मध्येच अडकत होते आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. द्राहोमिराचे दोन्ही पाय लाकडासारखे ताठ झाले होते.

तेवढ्यात मागून क्विडो ओरडला, "पाय उचल, द्राहा! पाय उचल!"

तिने दोन्ही पाय उचलले. गाडीला जोराचा हिसका बसला. इंजिन किंचाळलं. वेग तुटला, तसं तिने चाक डोंगराच्या बाजूला वळवलं. व्हॅन गवतात शिरली आणि मातीच्या बांधाला नाक लावून उभी राहिली.

खाली गावातल्या मेकॅनिकने चाक काढून पाहिलं. "ब्रेकचे पॅड जळून कोळसा झालेत," तो म्हणाला. "कोणी बसवले हे?"

सगळ्यांनी क्विडोकडे पाहिलं. तो डेपोतला ब्रेकचा माणूस. निघायच्या आधी त्यानेच नवे पॅड बसवले होते. तो जळके पॅड हातात घेऊन उलटसुलट बघू लागला.

या गोष्टीला बारा वर्षं झाली होती.

दर वर्षी नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला ही मंडळी ब्लाझेनाच्या घरी जमायची. सणाच्या जेवणाचा हंस क्विडो स्वतःच्या खर्चाने भाजून आणायचा, चुकीची भरपाई म्हणून. आणू नकोस, असं त्याला कोणी म्हणायचं नाही. नवी वाइन ग्लासात पडली की सहलीच्या आठवणी निघायच्या. समुद्र, पाऊस, ओताकरचा हरवलेला बूट. मग तो घाट. तिथे आलं की सगळे द्राहोमिराच्या नावाने ग्लास उंचावायचे आणि क्विडोची थट्टा करायचे.

जुन्या ट्राममध्ये चालकाचा डावा पाय एका पेडलवर सतत दाबलेला असतो. चालकाला भोवळ आली, पाय सुटला, की ट्राम आपली आपण थांबते. घाबरून क्विडो तेच ओरडला, असं सगळे धरून चालायचे.

"व्हॅनमध्ये म्हणे पाय उचल!" ओताकर यंदाही हसत म्हणाला. "अरे बाबा, ती काय आपली तेरा नंबरची ट्राम होती?"

क्विडो नेहमीसारखा हसला नाही. त्याने काटा खाली ठेवला.

"सोमवारी राजीनामा देतोय," तो म्हणाला.

"अरे, चेष्टा केली मी!"

"तसं नाही. आता जमत नाही मला. मी तपासलेली ट्राम फाटकाबाहेर पडली की ती परत येईपर्यंत मी फाटकाशीच उभा असतो. बारा वर्षं झाली. परवा एकच ब्रेक मी चार वेळा उघडून पाहिला. पोरं हसायला लागली."

"झालं गेलं ते," ब्लाझेना म्हणाली. "आहोत ना सगळे? द्राहाने वाचवलं. घे, हा मांडीचा तुकडा घे."

द्राहोमिराने ग्लास बाजूला सरकवला.  ती आता डेपोत नव्या चालकांना शिकवत होती. सोमवारी सकाळी आठ जणं तिच्यापुढे वह्या उघडून बसणार होती. आज एक वाक्य बोललं, तर त्यातलं कोण बसेल? मेकॅनिकच्या दारातच ती हे बोलणार होती. मग जेवताना. मग ब्रनोला पोचल्यावर. बोलायचं राहिलं तसं ते जड होत गेलं.

"पॅड चांगले होते, क्विडो."

कोणाला कळलंच नाही. ओताकर वाइन ओतत होता.

"पॅडमध्ये काही खोट नव्हती," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "माझा डावा पाय क्लचवर होता. उतार सुरू झाल्यापासून. ट्रामच्या सवयीने मी तो दाबून धरला होता. घाबरले, तशी आणखी दाबत गेले. इंजिनाने गाडी धरलीच नव्हती, सगळा भार एकट्या ब्रेकवर. कोणीही बसवलेले पॅड जळले असते."

ओताकरच्या हातातली बाटली तशीच राहिली. "तुला कधी कळलं हे?"

"पाय उचलला, इंजिनाने गाडी धरली, तेव्हाच."

ब्लाझेनाने खुर्ची मागे सरकवली, पण ती उठली नाही. द्राहोमिरा क्विडोच्या ओरडण्याची वाट पाहत होती.  पण त्याने हळू आवाजात विचारलं, "पाय का उचललास?"

"तू ओरडलास म्हणून."